घाटातला पाळणा

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी दोन गाणारे मुक्कामाला उतरले. एक वृद्ध गवई, आणि दुसरा त्यांचा शिष्य. गवयांना सगळे बुवा म्हणत. त्यांचा व्यवसाय गाण्याचा, पण खरा छंद होता तो न ऐकलेली गाणी ऐकण्याचा. कोळी जाळं ओढताना काय गातात, कुंभार चाक फिरवताना काय गुणगुणतो, हे ऐकायला ते पायी हिंडत, आणि आवडलेलं गाणं गळ्यात ठेवून पुढच्या गावाला निघत.

शिष्य तरुण होता, आवाजाने गोड होता, आणि ते त्याला ठाऊकही होतं. वाटेत मिळालेलं प्रत्येक गाणं तो मनातल्या एकेका कप्प्यात ठेवी. हर्षाचा कप्पा, विरहाचा कप्पा, शौर्याचा, भक्तीचा, रुसव्याचासुद्धा. या व्यवस्थेवर त्याचा इतका विश्वास होता की भेटेल त्याला तो म्हणे, "कोणताही प्रसंग सांगा, त्याला साजेसं गाणं मी लगेच काढून देतो." लोक प्रसंग सांगत, तो गाणं काढून देई, लोक माना डोलावत. बुवा मात्र अशा वेळी खांद्यावरचं उपरणं काढून त्याची घडी नीट करत बसत. शिष्याला वाटे, गुरुजींना हल्ली ऐकू कमी येतं.

त्या पायथ्याशी एका मिठाच्या व्यापाऱ्याच्या गाड्याही थांबल्या होत्या. समुद्राकाठचं मीठ घाटावर न्यायचं होतं. सकाळी निघण्याची गडबड चालली होती. एका गाडीच्या जुवाला लुगड्याची झोळी बांधून एक तरुण बाई आपल्या तान्ह्या मुलाला झोके देत होती. एक हात दोरीला, दुसऱ्या हाताने भाकरी बांधणं चालू, आणि तोंडाने काहीतरी म्हणणं चालू.

हळू ये रे वाऱ्या... उंबऱ्यापाशी थांब...
बाळ माझं दमलं... वाट त्याची लांब...

बुवा तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "पोरी, हे पुन्हा म्हणशील?"

ती लाजली. "अवं बुवा, ह्ये काय गानं हाय व्हय? प्वार किरकिरतंय म्हून कायबी म्हनती मी. माझी आय म्हनायची."

"मग तेच कायबी म्हण."

तिने पदर तोंडाला लावला. बैलांना पेंड घालणारा तिचा नवरा, तुळाजी त्याचं नाव, लांबूनच ओरडला, "ऐका बुवा, ऐका! रोज रातच्याला ऐकतूय मी. प्वार टकाटका बघत ऱ्हातंय, आन् झोप मला लागती!"

"बघा की," बाई म्हणाली, "म्हून गाडीवर म्हनत न्हाई मी. ह्येबी झोपायचं, बैलबी झोपायचं."

सगळे हसले. ती पुन्हा गायली. बुवा तिच्या तोंडाकडे कमी आणि दोरीवरच्या हाताकडे जास्त पाहत होते. ओळ चढली की हात ओढी. ओळ संपली की हात सैल पडे, झोळी आपली आपण परत येई, आणि मगच पुढची ओळ सुरू होई. बुवांनी तिच्यामागून दोनदा म्हणून पाहिलं. त्यांच्या भारदस्त आवाजात ते गाणं ऐकून हमालांनी एकमेकांना कोपरं मारली.

शिष्य अस्वस्थ झाला. "गुरुजी, आपल्याला हा पाळणा कशाला? आपल्याकडे ना मूल, ना झोळी. वरच्या गावात शौर्याची फार जुनी गाणी आहेत म्हणतात. उशीर केला तर आज ऐकायला मिळणार नाहीत."

"हो, निघू या," बुवा म्हणाले, आणि उपरण्याची घडी करू लागले.

दोघे गाड्यांबरोबरच घाट चढू लागले. रस्ता अरुंद होता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. झाडं खालीच राहिली होती. वर फक्त कारवीची झुडपं. दुपार कलली तेव्हा तुळाजीची गाडी एका वळणावर अडली. मूल आईच्या कडेवर होतं आणि ती गाडीमागून चालत होती. तुळाजी खाली उतरला, आणि दरीकडच्या चाकामागे दगड लावायला वाकला.

त्याच क्षणी कडेची माती ढासळली.

चाक रस्त्यावरून उतरलं. गाडी कलंडली, जू मोडलं, बैल सुटून कातळाला अंग घासत उभे राहिले. दगड दरीत घरंगळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि तो थांबल्यावर लोकांच्या लक्षात आलं की तुळाजी रस्त्यावर नाही.

तो खाली होता. कड्याला एक खडक पुढे आलेला होता, त्यावर तो पाठीवर पडला होता, आणि त्याचं पाऊल खडक आणि लोंबकळणारं चाक यांच्यामध्ये सापडलं होतं. गाडी अजून हातभर खाली आली असती, तर चाकाने पाऊल नव्हे, सगळा तुळाजीच दाबला असता. गाडीला धरून ठेवणारं एकच होतं, रस्त्यावर उरलेलं कातळाकडचं चाक. आणि तेही मिठाच्या ओझ्याने कुरकुरत होतं.

"अवं!" त्याची बायको कडेला धावली. गाड्यांबरोबरच्या दोन बायांनी तिला मागे ओढलं, मूल तिच्याकडून काढून घेतलं. "अवं! ऐकू येतंय का? अवं!"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असा रिवाज. नव्याने लग्न झालेलीला हे लवकर कळतं, की हाकेला नाव नसलं म्हणजे एका 'अवं'मध्येच सगळं भरावं लागतं. धाक, राग, विनवणी, तुमच्याशिवाय मी काय करू हेसुद्धा.

खालून उत्तर आलं ते ओरडण्याचंच. तुळाजी पाय ओढून काढायला धडपडत होता, आणि त्याच्या प्रत्येक हिसक्यासरशी वरची गाडी हलत होती.

व्यापारी घोड्यावरून उतरला तो पागोटं हातात घेऊनच. "गोण्या फेका! मीठ गेलं खड्ड्यात, आधी माणूस काढा!"

"गोनीला हात लावू नगा!" सुभाना ओरडला. तो सर्वांत वयस्कर गाडीवान. "तोल एका गोनीवर हाय, मालक. हलवली की संपलं."

"मग बैल जुंपा दुसरे."

"बैल बुजल्यात. एक उडी मारली तर गाडी खाली. मानसांनीच वढली पायजे, सरळ, जरा जरा."

गाडीच्या आसाला दोर बांधला गेला. एका बाजूने गाडीवान लागले, दुसऱ्या बाजूने व्यापाऱ्याचे हमाल. आणि दोर हाती येताच दोघांचं भांडणही हाती आलं.

"भरताना सांगितलं व्हतं, कडंला ओझं जास्त झालंय!"

"भरलं आम्ही, हाकली कुनी? वळनावर हाकायची ही रीत?"

"तोंड मिटा आन् वढा!"

"तू आधी दोर नीट धर!"

गाडीवान 'हैय्या' म्हणून ओढत, तर हमाल त्यांच्या सवयीने 'होय बा' म्हणून, नेमके मागाहून. दोर एकदा या बाजूला ताठ होई, एकदा त्या. गाडी पुढे सरकत नव्हती, नुसती थरथरत होती. तुळाजीच्या ओरडण्याने ओढणाऱ्यांचे हात अधिक घाई करत, आणि त्यांच्या घाईने तुळाजी अधिक ओरडे.

शिष्य दोन पावलं मागे सरला. पण त्याच वेळी त्याला आपलं काम स्पष्ट दिसलं. हा प्रसंग शौर्याचा. कप्पा उघडून त्याने गाणं काढलं, आणि दोराच्या पुढे उभं राहून खड्या आवाजात सुरू केलं.

उठा गड्यांनो, कंबर कसा!
डोंगराला द्या हिसका असा!

माणसांनी चमकून पाहिलं. मग पाय रोवले गेले, छात्या पुढे आल्या. पहिल्या दोन ओळींना सगळे एकदम ओढू लागले, आणि गाडी खरोखरच चार बोटं वर आली. "शाब्बास!" व्यापारी ओरडला. "म्हणा! आणखी म्हणा!"

शिष्याचा आवाज फुलला. बैठकीत रंग भरला की गाणारा जे करतो, ते त्याने केलं. लय दुप्पट केली.

बैठकीत अशा वेळी दाद मिळते. इथे दोरावरची पुढची माणसं नव्या लयीबरोबर धावली, मागची जुन्या लयीत राहिली. कुणाचा श्वास सुटलेला, कुणाचा भरलेला. दोराला एकच जबर हिसका बसला आणि तो हमालांच्या तळव्यांतून सरसरत गेला. कातळाकडचं चाक उलटं फिरलं. कमावलेली चार बोटं गेली, शिवाय गाडी आणखी वीतभर खाली गेली.

खालून जो आवाज आला, त्याला शब्द नव्हते.

शिष्याच्या गळ्यातला सूर तिथेच तुटला. गाडीवानांनी कसाबसा दोर धरून ठेवला होता. त्यांचे दंड थरथरत होते, हमालांचे तळवे सोलले होते. आता कोणी भांडतसुद्धा नव्हतं. सगळ्यांच्या छात्या मात्र भात्यासारख्या चालल्या होत्या, प्रत्येकाची वेगळी.

तेव्हा बुवा पुढे आले. त्यांनी दोराला हात लावला नाही. ते दोराशेजारी धुळीत मांडी घालून बसले, आणि खालच्या पट्टीत, हळू आवाजात गाऊ लागले.

हळू ये रे वाऱ्या... उंबऱ्यापाशी थांब...

क्षणभर कोणाला काही समजेना. मग व्यापाऱ्याचा तोल सुटला. "बुवा! खाली माणूस मरतोय, आणि तुम्ही पाळणा गाता? वेळ कोणती, लाज कशी नाही वाटत?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते तुळाजीच्या बायकोकडे पाहत होते. ती दगडासारखी उभी होती. तिच्या मुलाचं गाणं, तिच्या आईचं गाणं, हा परका म्हातारा इथे, या वेळी गात होता. तिच्या चेहऱ्यावर आधी संताप आला. धावून येऊन ती या म्हाताऱ्याचं तोंड दाबते की काय, असं शिष्याला वाटलं.

बुवांनी तीच ओळ पुन्हा घेतली, आणि शेवटी तिच्यासाठी जागा ठेवून थांबले.

खालून क्षीण आवाज आला, "कोन म्हनतंय?"

बाईने डोळे मिटले. मग तिचा आवाज निघाला, चिरका, ओला, पण ओळखीचा.

बाळ माझं दमलं... वाट त्याची लांब...

खालची धडपड थांबली. रोज रात्री जे कानावर पडल्यावर अंग सैल सोडायचं, ते त्या अंगाला ठाऊक होतं. तुळाजी हलेनासा झाला, तशी गाडीही थरथरायची थांबली. आता सगळं स्तब्ध होतं. फक्त दोन आवाज, एक भारदस्त आणि एक बारीक, झोळी हलावी तसे मागेपुढे होत होते. ओळ, मग विसावा. पुन्हा ओळ, पुन्हा विसावा. दोरावरच्या माणसांच्या छात्या, कोणी न सांगता, त्या विसाव्याशी येऊन मिळू लागल्या.

"दगड घे," बुवा ओळींच्या मधल्या जागेत शिष्याला म्हणाले. "आतल्या चाकामागे बस. ओळीला ही माणसं ओढतील. 'थांब' आलं की दगड सरकव. तू गायचं नाहीस. फक्त ऐक."

शिष्य चाकामागे बसला. ओझ्याने भरलेलं चाक त्याच्या बोटांपासून हातभर अंतरावर होतं. चुकीच्या क्षणी दगड सरकवला, तर बोटं जाणार होती. उशीर केला, तर तुळाजी. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादं गाणं कोणत्या कप्प्यात ठेवायचं हा विचार न करता ऐकलं.

हळू ये रे वाऱ्या... सुभानाने मान हलवली. गाडीवान आणि हमाल, सगळ्यांनी एकदम ओढलं. हिसका नाही, नुसता लांब, सावकाश ताण. चाक बोटभर वर आलं. ...थांब. दगड सरकला. सगळ्यांनी श्वास सोडला. दोर सैल पडला, पण गाडी मागे आली नाही.

बाळ माझं दमलं... पुन्हा बोटभर. ...लांब. पुन्हा दगड.

व्यापाऱ्याने पागोटं जमिनीवर ठेवलं आणि दोराच्या टोकाला जाऊन हात लावला. एका हमालाने त्याला नीट उभं केलं. "मालक, पाय हितं. आन् घाई न्हाई करायची."

किती वेळ हे चाललं कोण जाणे. एका 'थांब'नंतर खालून तुळाजीचा आवाज आला, अगदी झोपेतून बोलावं तसा. "पाय मोकळा झाला गं."

कोणी ओरडलं नाही. बुवांनी हाताने 'चालू द्या' अशी खूण केली, आणि चाक पुरतं रस्त्यावर टेकेपर्यंत गाणं सुरूच राहिलं. मग दोर खाली सोडला, तुळाजीला वर घेतलं. पाऊल सुजून काळंनिळं झालं होतं, हाड मोडलं होतं. बुवांनी उपरणं काढलं आणि त्याच्या पायाला घट्ट बांधलं. बायको त्याच्याजवळ बसली, आणि पदराने त्याच्या तोंडावरची धूळ पुसू लागली.

मूल तेवढं दुसऱ्या बाईच्या कडेवर टकाटका बघत होतं. एवढा वेळ पाळणा ऐकूनही ते झोपलं नव्हतं.

मोडलेलं जू दोराने बांधून गाड्या वर पोहोचल्या तेव्हा उन्हं उतरली होती. शिष्य बुवांच्या मागून चालत होता. शेवटी त्याच्याने राहवेना.

"गुरुजी, प्रसंग शौर्याचाच होता ना? मी गाणंही शौर्याचंच काढलं. मग माझ्या हातून माणूस मरायची वेळ का आली?"

बुवा थांबले. "गाणं चांगलं होतं तुझं. प्रसंगाचं नावही तू बरोबर ओळखलंस. पण प्रसंगाला कान नसतात रे. कान माणसांना होते, आणि तू त्यांच्याकडे पाहिलंच नाहीस. त्यांचा श्वास गळ्याशी आला होता. जोर अंगात मावत नव्हता, त्यात तू आणखी ओतलास. त्यांना हवा होता तो विसावा. सगळ्यांचा एकदम. तो एकट्याला मिळून भागणार नव्हतं."

"पण पाळणा? तो तुम्हाला सुचला कसा?"

"सुचला कुठे? तुळाजीला कशाने शांत वाटतं, हे त्यानेच सकाळी ओरडून सांगितलं होतं. तू तेव्हा मनात वरच्या गावातली गाणी ऐकत होतास."

शिष्याची मान खाली गेली. मग त्याने विचारलं, "तुम्हाला खात्री होती, सगळे त्या लयीत येतील अशी?"

"नव्हती," बुवा म्हणाले. "पहिल्या ओळीला माझा सूर थरथरत होता. ते तुझ्या लक्षात आलं नाही, हे बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य तुळाजीच्या गाडीपाशी गेला. गाडी आता सुभाना हाकणार होता. तुळाजी गोण्यांवर पाय पसरून पडला होता. पायाच्या उपरण्याकडे तो असा पाही, जणू दरबारातून शालजोडी मिळाली आहे.

"वहिनी," शिष्य म्हणाला, "त्या गाण्याचं पुढचं कडवं सांगाल?"

बाईने झोळीची दोरी ओढली, सैल सोडली. "म्होरलं कडवं मला तरी कुटं येतंय? तितवर ह्ये जागंच नसत्यात," आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"बघा, बघा बुवा," तुळाजी म्हणाला, "पाय मोडला तरी बोलनी हायेतच!"

शिष्याला बुवा म्हणून कोणी हाक मारण्याची ती पहिलीच वेळ. एरवी तो सुखावला असता. आज तो नुसता हसला, बाईच्या हातातली दोरी मागून घेतली, आणि तिच्यासारखी सोडून पाहू लागला. ओढणं लगेच जमलं. सोडणं जमायला वेळ लागला.

त्या संध्याकाळी वरच्या गावात लोक जमले. शौर्याची गाणी त्यांना येत होतीच, आणि त्यांनी ती ऐकवलीही. मग कोणीतरी म्हणालं, "आता तुम्ही म्हणा काहीतरी. तुम्हाला म्हणे कोणत्याही प्रसंगाचं गाणं येतं."

शिष्याने तंबोरा जुळवला, पण लगेच तोंड उघडलं नाही. तो समोरच्या माणसांकडे पाहत राहिला. कोणी दिवसभर राबून आलं होतं, कोणी घरी भांडून. एक म्हातारी भिंतीला टेकून नुसतीच बसली होती. सगळ्यांचं श्वास घेणं त्याला ऐकू येईपर्यंत तो थांबला.

बुवांच्या खांद्यावर घडी करायला उपरणं नव्हतं. त्यांचे हात मांडीवर स्वस्थ होते.

आपल्या घरातही कधीकधी सगळेच एकदम जोर लावत असतात, आणि गाडी मागेच सरकत असते. अशा वेळी आवाज चढवण्याआधी, कोणाचा श्वास कुठवर आला आहे, एवढं पाहावं. साजेसं गाणं बहुतेक तिथेच असतं.